मागून जेवणाऱ्यांचा हिवाळा

परवा सकाळी दार उघडलं तर समोरच्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती. धुक्यात ऊस दिसत नव्हता, नुसता मागचा लाल दिवा डुलत होता. ओल्या उसाचा आणि डिझेलचा मिळून एक वास असतो. शहाद्यात हिवाळा येतो तो त्या वासाने. मी शाल गुंडाळून पायरीवर उभी राहिले. हातात चहाचा कप होता, बोटांना ऊब लागत होती, आणि मन जरा प्रसन्न व्हायला लागलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

घरच्यांच्या ग्रुपवर भाऊने एक संदेश टाकला होता. थंडीत तंदुरुस्त राहण्याचे सोपे उपाय. वर वाफाळत्या वाटीचं चित्र. खाली सगळं नेहमीचं. बाजरी खा, तीळ आणि गूळ खा, हिरव्या पालेभाज्या खा, आवळा खा. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या. रोज थोडं चाला. पुरेशी झोप घ्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत, अन्न नेहमी ताजं आणि गरमच खा.

यात एक अक्षरही खोटं नाही. मी शाळेत शिकवते, मुलांना मीही हेच सांगते. तरी माझं डोकं तापलं. ‘गरमच खा’ म्हणे. ही आज्ञा आहे कोणाला? ज्याच्या ताटात कोणीतरी गरम वाढणार आहे त्याला. वाढणाऱ्या बाईसाठी त्या यादीत एकही ओळ नसते. तिने ते अन्न गरम कसं खायचं, आणि केव्हा खायचं, हे एवढ्या वर्षांत एकाही संदेशाने मला सांगितलेलं नाही.

भाऊ माझा मोठा भाऊ. ब्राह्मणपुरीला आमची शेती आहे, ती तो बघतो. मनाने अतिशय चांगला माणूस. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्यावर मी बरीच चिडणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझी बदली म्हसावदच्या शाळेत झाली. नवरा नोकरीसाठी सुरतेला होता, शहाद्यातल्या आमच्या घराचं बांधकाम चालू होतं, म्हणून ते सगळं वर्ष मी माहेरी राहिले. लग्नानंतर माहेरी आपण पाहुण्यासारख्या जातो. चार दिवस राहतो, वहिनी गोडधोड करते, आपण तृप्त होऊन परततो. वर्षभर राहिलं की मात्र घर आतून दिसतं. त्या हिवाळ्यात मला माझं माहेर आतून दिसलं.

आणि हिवाळा तर असा होता की खाणाऱ्याने खातच राहावं. मळ्यात वांगी लागलेली, हिरवी, लांबट, भरताची. बांधावर तुरीच्या शेंगा. मेथीच्या जुड्या इतक्या कोवळ्या की चिरताना हाताला त्यांचा वास राही. भुईमूग घरचा, तीळ घरचे, गूळ शेजारच्या गावच्या गुऱ्हाळातून आलेला, अजून जरा चिकट. दळणात उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. पपईच्या बागेत फळं इतकी की पडलेली कोणी उचलत नसे. अंगणातल्या लिंबाला पानांइतकी लिंबं. डॉक्टर कागदावर जे जे लिहून देतात ते सगळं आमच्या दारात उगवत होतं.

त्या सगळ्याच्या मधोमध सुनंदा वहिनी होती. भाऊची बायको, चाळिशी ओलांडलेली, सडपातळ, कामाला वाऱ्यासारखी. घरात पहिला दिवा ती लावायची. मागच्या अंगणात चूल पेटवून आंघोळीचं पाणी तापवायचं काम तिचं. भाऊची आंघोळ, मायची, माझी, तिच्या मुलीची, असं सगळ्यांचं झालं की हंड्याच्या तळाशी जे कोमट उरेल त्यात गार पाणी ओतून ती घाईघाईने अंगावर घेई. माय म्हणजे आमची आई. आम्ही लहानपणापासून तिला मायच म्हणतो. नंतर चहा, दूध, डबे, भाकरी, गोठा, कापूस वेचायला आलेल्या मजुरांचं पाणी, पुन्हा भाकरी. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. ओल्या अंगणातून ती चालत गेली की फरशीवर कधीकधी एखादा लालसर ठिपका राही. मी पायमोजे आणून दिले. तिने जपून ठेवले. “चुलीजवळ कुठे घालू, ताई? ओले होतात,” म्हणाली.

जेवायला बसताना ती एकच वाक्य म्हणायची. घरात आम्ही अहिराणी बोलतो. “तुम्ही जेवी ल्या. मी मांगे जेवसू.” तुम्ही जेवून घ्या, मी मागून जेवीन. हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते, आधी मायच्या तोंडून, मग वहिनीच्या. इतकं ऐकलं होतं की ते वाक्य आहे हेच विसरले होते. भांड्यांच्या आवाजासारखा तो घरातलाच एक आवाज होता.

आधी भाऊ जेवायचा. त्याच्याबरोबर कोणी आलं-गेलं असेल ते, आणि सुट्टीला नाशिकहून त्याचा मुलगा आला असेल तर तो. त्यांच्या ताटात तव्यावरची भाकरी पडे, फुगलेली, वाफेने बोट भाजणारी. मग मी. मी शाळेतून आलेली, त्यातून लेक म्हटल्यावर मला सवलत होती. सगळ्यांत शेवटी चूल विझल्यावर माय, वहिनी आणि वहिनीची मुलगी प्रांजल अशा तिघी टोपली मध्ये ठेवून बसत. तोवर दुपार कलायला लागलेली असे. भाजीच्या कढईत तळाशी मिरच्या आणि तेल उरलेलं. सकाळची भाकरी उरली असेल तर ती आधी संपवायची, ताजी रात्रीला कामाला येते. वहिनी त्या भाकरीवर थोडा ठेचा घेई आणि बरोबर कपभर चहा. चहाने भूक मरते. मारायला तेच सोपं पडतं.

पौषात एके दिवशी मळ्यात भरीत पार्टी ठरली. खानदेशातल्या माणसाला हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात टोपलीभर वांगी भाजायची, काळी साल काढून लाकडी उखळीत हिरव्या मिरच्या आणि लसणीबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. थंडीत त्या जाळाभोवती बसून भरीत खाण्यात जो आनंद आहे तो मला नाकारायचा नाही. भाऊचे मित्र आले होते. पुरुषच भाजतात, पुरुषच ठेचतात, आणि मग वर्षभर सांगतात की आम्ही काय भरीत केलं होतं. भाकऱ्या मात्र घरून येतात. त्या दिवशी वहिनी सकाळपासून भाकऱ्या थापत होती. टोपलीवर टोपली मळ्यात जात होती आणि भाऊचा फोन येत होता, अजून पाठव.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिने एक भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आणि उठायला गेली. उठता उठता भिंत धरली. मग भिंतीवरून तिचा हात हळूहळू खाली घसरला. मी धावले तोवर तिचा दुसरा हात तव्याला लागलेला होता.

भाऊ मळ्यातून पळत आला. मी त्याला असं पळताना कधी पाहिलं नव्हतं. तिला गाडीत घातलं, वाटेत एकसारखा तिला हाका मारत होता. शहाद्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हाताचं बघून झालं, रक्त तपासून झालं. बाई चांगल्या होत्या, शांत बोलणाऱ्या. वहिनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून त्यांनी मला दाखवली. आत लाल असायला हवं तिथे कागदासारखं पांढरं होतं.

“रक्त फारच कमी आहे,” त्या म्हणाल्या. “ताई, तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या. मग खात का नाही?”

 भाजलेला हात मांडीवर ठेवून वहिनी खाली बघत राहिली, जणू मारामारी करताना पकडलेली शाळेतली मुलगी.

बाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, पालेभाजी, गूळ, शेंगदाणे, बाजरी असं आहारात ठेवा, जरा उन्हात बसत जा, असं सगळं नीट सांगितलं. आणि मग भाऊकडे बघून त्या म्हणाल्या, “काय आहे ना, बायका स्वतःकडे लक्षच देत नाहीत.”

“मी तिले कायम सांगस,” भाऊ म्हणाला. “मी कायम सांगतो हिला.”

बाईंचं ते वाक्य मी त्या एका हिवाळ्यात किती जणांकडून ऐकलं. शाळेत आहार मेळावा झाला, गावातल्या बायकांनी नाचणीचे, तिळाचे, शेवग्याच्या पाल्याचे पदार्थ करून आणले, टेबलांवर मांडले, कडधान्यांची रांगोळी काढली. पाहुणे एकेक चमचा चाखत गेले. भाषणात त्यांनी हेच सांगितलं, बायका स्वतःकडे लक्ष देत नाहीत. टाळ्या बायकांनीच वाजवल्या. पाहुणे गेल्यावर भांडी घासायलाही त्याच थांबल्या. काय सुंदर वाक्य आहे बघा. त्यात दोष कोणाचा, तर जी उपाशी आहे तिचाच. घरातल्या बाकी सगळ्यांकडे ती लक्ष देते हे त्यात मोजायचं नसतं. आणि घरातल्या एकाने तरी तिच्याकडे लक्ष द्यावं ही कल्पना तर त्या वाक्याच्या आसपासही फिरकत नाही.

आणि लक्ष कसं द्यायचं हे भाऊला माहीत नव्हतं असंही नाही. दवाखान्यातून परतताना पपईच्या बागेजवळ त्याने गाडी हळू केली. रस्त्यावरूनच त्याला कडेच्या रांगेतली झाडं दिसली. शेंड्याची पानं पिवळसर, शिरा तेवढ्या हिरव्या.

“फेरस कमी पडी ऱ्हायनं,” तो स्वतःशीच म्हणाला. लोह कमी पडतंय. “उद्या शहाद्याहून औषध लयनं पडी. फवारनं पडी.” औषध आणून फवारावं लागेल.

मी मागच्या सीटवर होते. वहिनीचं डोकं माझ्या खांद्यावर. तिचा चेहरा त्या पानांपेक्षा काही वेगळ्या रंगाचा नव्हता, आणि तो एका रात्रीत तसा झालेला नव्हता. चालत्या गाडीतून झाडाचं पान ओळखणारा हा माणूस तिच्यासमोर रोज जेवायला बसत होता. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. वहिनी जागी आहे की झोपली आहे कळेना, म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी भाऊने बागेचं औषध आणलं आणि वहिनीसाठी बदाम, अक्रोड, खजूर, काळे मनुके आणि एक महागडी पावडर असं मोठी पिशवी भरून आणलं. म्हटलं ना, मनाने चांगला आहे. त्याने पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “आता रोज खात जाय.” झालं. त्याचं कर्तव्य संपलं आणि तिचं एक काम वाढलं. रोज संध्याकाळी सगळ्यांसाठी बदाम भिजत घालायचे, सकाळी सोलायचे, भाऊच्या वाटीत, मायच्या वाटीत, माझ्या वाटीत. मुलगा नाशिकला एकटा असतो म्हणून खजुराचे आणि डिंकाचे लाडू करून त्याच्याकडे डबा गेला. उरलेले अक्रोड पाहुण्यांपुढे आले. पावडर तिला आवडली नाही, ती कपाटात राहिली. तिच्या औषधाचीसुद्धा वाढपी तीच. आजही मला ते आठवलं की हसू येत नाही.

मग मी लुडबुड केली. एका दुपारी पाट मांडले आणि जाहीर केलं, आज वहिनी आधी जेवतील.

माय भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिने मान वर केली. “मंग भाकरी कोन टाकी?”

मी म्हटलं, मी टाकते. मी थापायला बसले. माझी भाकरी कडेला फाटली, दुसरी तव्याला चिकटली. वहिनी ताटासमोर बसलेली, आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. भाऊसुद्धा खरंच कौतुकाने बघत होता. तिने दोन घास तोंडात घातले, ते तिथेच फिरत राहिले. मग ती उठली, माझ्या हातातून पीठ घेतलं आणि म्हणाली, “ताई, असं सगळ्यांसमोर नका बसवू मला. घास उतरत नाही.”

चूक नव्हतं तिचं. एखाद्या दिवसाचा मान द्यायला तिचा काही वाढदिवस नव्हता. मला तिच्यासाठी रोजचं जेवण हवं होतं आणि मी तिला समारंभ दिला होता.

रात्री मी भाऊशी भांडले. तो शेकोटीवर हात धरून बसला होता, ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मी काय तिले खाऊ नको म्हनस का? कोनी नही म्हनं नही या घरमा.”

या घरात कोणी नाही म्हटलं नाही. अगदी खरं. कोणीच म्हणत नाही, कोणत्याच घरात. नाही म्हणायला लागतच नाही. दुसऱ्याने भरल्या पोटी हात धुतल्याशिवाय आपण बसायचं नाही, एवढं एकदा अंगात मुरवलं की पुढे कोणाला दार लावून बसावं लागत नाही. मी त्याला हे सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, तुम्ही शिकलेल्या बाया सगळ्याचा कीस काढता.

त्याच सुमारास कापूस वेचायला डोंगरातून एक पावरा आदिवासी जोडपं आमच्याकडे आलं होतं. दुपारी ती दोघं बांधावर बसायची, फडकं सोडायची आणि एकाच भाकरीचे तुकडे मोडून एकाच वेळी खायची. मी त्यांच्या आयुष्याचं गोड चित्र रंगवणार नाही. त्यांच्या फडक्यात काय होतं आणि काय नव्हतं हे मला दिसत होतं, आणि त्यांच्या उपासाची कारणं आमच्याहून फार मोठी होती. तिथे अन्न कमी होतं. आमच्याकडे अन्न ओसंडत होतं आणि तरी एक बाई तव्यावर कोसळली होती. हे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

जानेवारी संपता संपता प्रांजलच्या कॉलेजात मुलींची तपासणी झाली. ती संध्याकाळी बसने आली, दप्तर ठेवलं आणि आईला सांगितलं, “मम्मी, मन्हं रक्त बी कमीच शे.” ती हसत सांगत होती. तिच्या वर्गातल्या बहुतेक जणींचं तसंच निघालं होतं म्हणे, त्यामुळे तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. एकटीचं निघालं असतं तर कदाचित घाबरली असती.

भाऊ वर्तमानपत्र वाचत होता. “पोरी डाएट करतस आजकाल,” तो म्हणाला. “मोबाईलमा बघी बघी.”

डाएट. ही पोर लहानपणापासून आईच्या शेजारी, टोपलीच्या त्या बाजूला बसत आली होती. तिला कोणी तिथे बसवलं नव्हतं. आई तिथे बसते म्हणून तीही बसायची. तिचा भाऊ नाशिकहून आला की त्याला गरम वाढायला तीच पळायची. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझं लक्ष वहिनीकडे गेलं. ती मेथी निवडत होती. तिचा हात थांबला होता. ती प्रांजलकडे बघत होती, नखांकडे, ओठांकडे, जसं आपण बाजारात एखादी वस्तू उलटीपालटी करून बघतो. मग तिने पुन्हा मेथी निवडायला घेतली.

त्यानंतरच्या रविवारी ऊन छान पडलं होतं. मागच्या अंगणात चुलीवर भाकरी चालली होती. आम्ही सगळे घरी. भाऊ शेतातून आला, हातपाय धुतले आणि आत पाटावर जाऊन बसला. वहिनीने तव्यावरची पहिली भाकरी ताटात घेतली. दुसरी घेतली. मेथीची भाजी वाढली, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, लिंबाची फोड. मी ताट आत न्यायला हात पुढे केला. तिने ते माझ्याकडे दिलं नाही. चुलीतलं लाकूड ओढून बाजूला ठेवलं, प्रांजलला हाक मारली, आणि दोघी उन्हात टाकलेल्या बाजेवर बसून जेवायला लागल्या.

बराच वेळ कोणाला काही कळलंच नाही. आतून भाऊ म्हणाला, “काय व्हयनं? भाकरी?”

“टोपलीमा शे,” वहिनी बाहेरूनच म्हणाली.

टोपलीत सकाळच्या भाकऱ्या होत्या. फडक्याखाली, व्यवस्थित झाकलेल्या. भाजी गरमच होती, पातेलं त्याच्या हाताशी होतं. माय दारात येऊन उभी राहिली आणि बाजेकडे बघत राहिली. भाऊने एक घास खाल्ला असावा.

“थंडी शे ही.”

“थंडी भाकरी आशीच लागस,” वहिनी म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. टोमणाही नव्हता त्यात. थंड भाकरी अशीच लागते, एवढीच माहिती तिने त्याला दिली. ती सावकाश जेवली. भाकरीचा पापुद्रा काढून त्यात भाजी भरली, लिंबू पिळलं, प्रांजलला गुळाचा अर्धा खडा दिला. पाठीवर ऊन होतं. तिला असं पाठ ताठ ठेवून जेवताना त्याआधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. ताट धुऊन तिने पुन्हा लाकूड आत सारलं आणि बाकीच्या भाकऱ्या टाकल्या. मी त्यातली घेतली. भाऊ तोवर उठून गेला होता.

संध्याकाळी माय तिला पुष्कळ बोलली. नवरा उन्हातून येतो आणि शिळं खातो, हे या घरात कधी झालं नव्हतं. वहिनी ऐकून घेत होती. नंतर आम्ही दोघी गोठ्याकडे गेलो. म्हशीच्या पाठीवर थंडीसाठी गोणपाट बांधलेलं होतं, ते ती सारखं करत होती. मी म्हटलं, “वहिनी, बरं केलंत. प्रांजलसाठी तरी उठलात.”

मला वाटलं होतं, ती डोळे पुसेल. माझ्या डोळ्यांत तर आधीच पाणी आलं होतं.

“नही, ताई,” ती म्हणाली. “माले भूक लागेल व्हती.”

मला भूक लागली होती. तिच्या जेवणालासुद्धा मी कोणाची तरी सेवा करून टाकली होती, लेकीसाठी, संसारासाठी. बाईने जेवायला एवढं कारण पुरे नाही का, की तिला भूक लागली आहे? गोठ्यातली म्हैस हंबरली तर आपण लगेच वैरण टाकतो. ती रेडकासाठी हंबरते का, असं विचारत नाही.

घर काही दिवस फुगून बसलं. शेजारी कुजबुज झाली. भाऊ एकदा चुलत्यांकडे जाऊन जेवून आला. पण दुपार झाली की वहिनी आपलं ताट घेऊन बाजेवर बसायची, सूर्य वर आला की सावली लहान होते तितक्याच सहजपणे. प्रांजल घरी असेल तर ती बरोबर असे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेऊ लागली. दुपारचा चहा तिने सोडला नाही, नुसता पुढे ढकलला. आंघोळीला एक हंडा जास्त तापवू लागली, तो तिचा. मळ्यात पुन्हा भरीत ठरलं तेव्हा तिने सांगितलं की मी येईन, पण खायला. भाकऱ्यांची सोय तुम्ही करा. पुरुषांनी शहाद्याहून पाव आणले. भरीत-पाव बरा लागतो असं भाऊ म्हणाला. मला माहीत आहे, तो अजिबात बरा लागत नाही.

पुढच्या तपासणीला रक्त वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, गोळ्या लागू पडल्या म्हणाल्या. ते खरंच आहे, गोळ्यांशिवाय झालं नसतं. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, “बघ. मी सांगत नव्हतो? स्वतःकडे लक्ष दिलं पाहिजे.” मी खिडकीबाहेर बघितलं. काही माणसांना आपण बदललो हे कळतच नाही, आणि कदाचित त्यामुळेच ते बदलू शकतात. पण म्हणून राग यायचा राहत नाही.

त्या हिवाळ्याचा एक दिवस अजून सांगायचा आहे. थंडी उतरणीला लागली होती. पहाटेचं धुकं विरळ झालेलं, पानगळ सुरू झालेली. वहिनी नेहमीसारखी बाजेवर ताट घेऊन बसली, आणि माय पदर सावरत हळूहळू अंगणात आली. बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. बराच वेळ शेतातल्या मजुरांविषयी काहीबाही बोलली. मग नजर दुसरीकडे ठेवून म्हणाली, “माले बी दे वं एक.”

वहिनी उठली, तव्यावरची भाकरी आणून तिच्या हातात ठेवली. मायने वाटीत भाकरी कुस्करायला घेतली. ती कायम दुधात नाहीतर वरणात कुस्करून खायची. तिचे दात गेले आहेत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. भाऊ तिला कवळी बसवून देणार होता. भाकरीचा तुकडा मोडताना मायची बोटं थांबली. तिने तो तसाच तोंडात घातला, चावला, गिळला. दुसरा घातला.

“भाकरी इतली मऊ ऱ्हास?” ती म्हणाली. भाकरी इतकी मऊ असते?

दुसऱ्यांच्या ताटात तिने आयुष्यभर ज्या वाढल्या त्या अशा मऊ होत्या. तिच्या वाट्याला नेहमी टोपलीतली आली, चामड्यासारखी झालेली, आणि आम्ही तिच्या दातांना नावं ठेवत होतो. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आला तो रागच. इतका, की मी चुलीपुढे जाऊन उगाच लाकडं हलवत बसले.

भाऊ नळावर हात धुऊन आला होता. ओल्या हातांनी तो दारात उभा राहिला, बाजेवर बसलेल्या आपल्या आईकडे आणि बायकोकडे बघत. मायने रिकामी वाटी वहिनीपुढे केली, अजून एक दे म्हणून. मग तिचं लक्ष लेकाकडे गेलं.

“बठ,” माय म्हणाली. “तुन्ही बी पाळी येई.” बस, तुझीही पाळी येईल.